टेन्शन आहे? मग कार्डिओग्राम काढाच

छातीत भरून आल्यासारखं होतंय, पाठीत चमक मारतेय, जिना चढताना दम लागतोय, असं घरातला पुरुष म्हणाला की लगेच विचारणा होते, ‘डॉक्टरकडे जायचं का?’ तीच तक्रार घरातल्या बाईने केली तर विचारणा होतच नाही, थेट उत्तरं मिळतात. गॅस झाला असेल. सकाळपासून उपाशी असशील. जरा ओवा चाव आणि पड. यातलं काहीच लागू पडेना, तर सगळ्यांना पाठ असलेलं निदान तयार असतं, ‘टेन्शन फार घेतेस तू.’ हे निदान सासू करते, नवरा करतो, शेजारीण करते, कधीकधी डॉक्टरही करतात. ती स्वतः तर सगळ्यांच्या आधी करते. आणि विषय तिथेच मिटतो.

तो तिथून सुरू व्हायला हवा. मनावरचा ताण, नैराश्य, घरातली घुसमट यांनी हृदयविकाराचा धोका वाढतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा समोर आलं आहे. म्हणजे ‘हिला टेन्शन आहे’ हे वाक्य तपासणी टाळण्यासाठी वापरलं जातं, तेव्हा प्रत्यक्षात ते तपासणीचंच कारण असतं. मधुमेह असलेल्या माणसाच्या छातीत दुखलं तर ‘शुगरमुळे असेल’ म्हणून त्याला कुणी घरी पाठवत नाही. शुगर आहे म्हणूनच आधी कार्डिओग्राम काढतात. ताणाला मात्र हा मान मिळत नाही, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा बायका मोजतात.

ताण आणि हृदय यांचा संबंध आधुनिक वैद्यकात चर्चेला आला, तोही एका बाईच्या शेऱ्यामुळे. १९५०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचे मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे हृदयरोगतज्ज्ञ नवरा-बायकोंच्या आहाराची तुलना करत होते. दोघांच्या जेवणातली चरबी जवळपास सारखी, मग नवऱ्यांनाच हृदयविकार एवढा का, हे कोडं त्यांना सुटेना. अभ्यासात सहभागी असलेल्या महिला संस्थेच्या अध्यक्षबाईंनी त्यांना स्पष्टच सुनावलं की कारण ताटात शोधू नका, आमच्या नवऱ्यांना कामावर जो ताण सोसावा लागतो त्यात शोधा. त्या वाटेवरून पुढे ‘टाइप ए’ स्वभावाची, म्हणजे सतत घाईत, सतत चढाओढीत असलेल्या माणसाची कल्पना आली आणि जगभर गाजली. ती पडताळून पाहण्यासाठी १९६०मध्ये जो मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात ३,१५४ माणसं घेतली. सगळे पुरुष. वाट दाखवणारी बाई होती, पण मोजणीत एकही बाई नव्हती.

जगभरच्या बायकांची मोजणी व्हायला बराच काळ जावा लागला. २००४मध्ये ‘इंटरहार्ट’ नावाचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मूळचे केरळचे आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसूफ त्याचे प्रमुख. ५२ देशांतल्या, हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्या सुमारे १५ हजार स्त्री-पुरुषांची त्यांनी जवळपास तेवढ्याच निरोगी माणसांशी तुलना केली. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक-सामाजिक ताण, फळं-भाज्या, व्यायाम आणि मद्य या नऊ गोष्टींतून पुरुषांमधल्या ९० टक्के आणि स्त्रियांमधल्या ९४ टक्के धोक्याचा उलगडा झाला. त्यात मानसिक-सामाजिक घटकांचा वाटा साधारण एक तृतीयांश निघाला. रक्तदाबाचा आणि मधुमेहाचा वेगवेगळा वाटा यापेक्षा कमी होता. घरातला ताण, कामावरचा ताण, पैशाची चणचण, आयुष्यातले मोठे आघात, नैराश्य आणि आपल्या हातात काहीच नाही ही भावना, एवढं सगळं त्यांनी या एका सदरात धरलं होतं.

याच अभ्यासातला आपल्या उपखंडाचा भाग २००७मध्ये वेगळा मांडला गेला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ इथल्या रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता, इतर देशांतल्या रुग्णांना जवळपास ५९व्या वर्षी. बायकांना पुरुषांपेक्षा साधारण नऊ वर्षं उशिरा झटका येतो, हेही इंटरहार्टमध्येच दिसलं. पाळी सुरू असेतो संप्रेरकांचं काही संरक्षण मिळतं. पण ‘उशिरा येतो’ याचा अर्थ घरोघरी ‘येत नाही’ असा घेतला जातो, आणि घोळ तिथे होतो.

आता हे सगळं विठ्ठलवाडीच्या फलाटावर आणून पाहू.

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालं की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. मुंबईकडे जाणारी लोकल इथे येते ती कर्जत, बदलापूर, अंबरनाथ इथली गर्दी पोटात घेऊनच. बसायला जागा हवी असेल तर उलट्या दिशेने अंबरनाथ-बदलापूरपर्यंत जाऊन त्याच गाडीने परत यायचं, नाहीतर मुंबईपर्यंतचे पन्नासहून अधिक किलोमीटर, सव्वा-दीड तास उभ्याने काढायचे. त्याआधी घरी पाणी भरून झालेलं असतं, डबे भरून झालेले असतात, सासऱ्यांच्या गोळ्या काढून ठेवलेल्या असतात. परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, मटार सोलले जातात. याचं कौतुक करणारे फोटो वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. त्या फोटोतला दुसरा अर्थ असा की घरी पोचल्यावरचं काम इतकं आहे की ते गाडीतच सुरू करावं लागतं.

या दुसऱ्या पाळीची सरकारी नोंदही आहे. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनमोबदला घरकामात गेलेली दिसतात, पुरुषांची ८८ मिनिटं. घरातल्यांची काळजी घेणाऱ्या बायका त्यासाठी १३७ मिनिटं देतात, पुरुष ७५. नोकरी असो वा नसो, हा भार काही सुटत नाही.

विठ्ठलवाडी-उल्हासनगर पट्ट्यातल्या सगळ्याच बायका गाडी पकडत नाहीत. उल्हासनगर जीन्सच्या शिलाईसाठी देशभर ओळखलं जातं. या धंद्यातलं धागा कापण्याचं काम गठ्ठ्यागठ्ठ्यांनी घरी येतं. ते करणाऱ्या बाईला ठरावीक तास नाहीत, रजा नाही, भाव ठरवण्यात तिचं मत कुणी विचारत नाही. उद्या गठ्ठा येईल की नाही, हेही तिला ठाऊक नसतं. ‘ती घरीच असते’ असं म्हटलं जातं तीच ही बाई.

अमेरिकेचे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९मध्ये कामाच्या ताणाचं एक सूत्र मांडलं. नुसत्या जास्त कामाने माणूस तेवढा खचत नाही. काम भरपूर आणि ते कसं, कधी करायचं हे ठरवण्याची मुभा शून्य, हे दोन्ही एकत्र आलं की तो मोडतो. कंपनीच्या साहेबाला काम जास्त असतं, पण मुभाही असते. धागा कापणारीला, कॉल सेंटरमधल्या मुलीला, बिलिंग काउंटरवर दिवसभर उभ्या असलेल्या बाईला ती नसते. अमेरिकेतल्या सुमारे २२ हजार आरोग्य-कर्मचारी स्त्रियांच्या अभ्यासात असं काम असलेल्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ३८ टक्के अधिक आढळला. तो अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९८०मध्ये, फ्रेमिंगहॅम या अमेरिकी गावातल्या प्रसिद्ध अभ्यासाने सांगितलं होतं की नोकरी करणाऱ्या सरसकट बायकांचा धोका गृहिणींपेक्षा फारसा वेगळा नाही, पण कारकुनी काम करणाऱ्या बायकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण गृहिणींच्या जवळपास दुप्पट आहे. त्यातही साथ न देणारा साहेब, नोकरी बदलण्याची सोय नसणं आणि गिळून टाकलेला राग या तीन गोष्टी ठळक होत्या. म्हणजे ‘बाईने नोकरी केली की ताण येणारच’ हा लाडका सिद्धान्त टिकत नाही. नोकरी कुठली आणि तिथे तिचं किती चालतं, यावर सगळं ठरतं.

घराच्या बाबतीतले निष्कर्ष तर अधिक बोचरे आहेत. स्टॉकहोममध्ये क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर यांच्या चमूने हृदयविकारामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या २९२ स्त्रियांचा सुमारे पाच वर्षं मागोवा घेतला. ज्यांचे नवऱ्याशी संबंध अतिशय ताणलेले होते, त्या स्त्रियांना पुन्हा त्रास होण्याचा धोका जवळपास तिप्पट होता. कामावरच्या ताणाचा तसा परिणाम त्यांच्यात दिसला नाही. अमेरिकेतल्या ५४ हजार परिचारिकांच्या अभ्यासात आजारी किंवा अपंग नवऱ्याची आठवड्याला नऊ किंवा अधिक तास शुश्रूषा करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका ८२ टक्क्यांनी जास्त आढळला. आठवड्याला नऊ तास म्हणजे दिवसाला सव्वा तास. आपल्याकडे घरात माणूस अंथरुणाला खिळला की एवढ्यावर कोणती बाई सुटते?

आणि फ्रेमिंगहॅमचाच २००७मधला निष्कर्ष मराठी घरांनी नीट ऐकण्यासारखा आहे. नवऱ्याशी वाद झाला की मनातलं न बोलता गप्प बसणाऱ्या बायकांचा दहा वर्षांत मृत्यू होण्याचा धोका, बोलणाऱ्या बायकांच्या तुलनेत चौपट निघाला. हा आकडा कुठल्याही कारणाने येणाऱ्या मृत्यूचा आहे, फक्त हृदयविकाराचा नाही. गप्प बसणाऱ्या पुरुषांमध्ये असा फरक दिसला नाही. सोशीक सून म्हणून आपण जिची उदाहरणं देतो, तिच्या सोशीकपणाची वसुली तिच्या शरीराकडून होत असते.

मनातली गोष्ट रक्तवाहिनीपर्यंत पोचते कशी? ताण आला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याकडे झुकतं, रक्तवाहिन्या आकसतात. प्रसंगापुरतं असेल तर शरीर सावरून घेतं. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची झीज होते आणि शरीरातला दाह वाढतो. शिवाय खचलेल्या माणसाची झोप उडते, फिरणं बंद होतं, गोळ्या चुकतात, तंबाखू वाढते. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या डॉ. व्हायोला व्हॅकारिनो यांनी झटका येऊन गेलेल्या मध्यमवयीन स्त्री-पुरुषांना एका अवघड प्रसंगावर लोकांसमोर बोलायला लावलं आणि त्या वेळी हृदयाचा रक्तपुरवठा तपासला. तो घटला अशा स्त्रिया २२ टक्के निघाल्या, पुरुष ११ टक्के. स्त्रियांच्या बाबतीत बारीक रक्तवाहिन्या आकसण्याशी याचा संबंध दिसला. मोठ्या धमन्यांची अँजिओग्राफी ‘क्लिअर’ आली तरी बाईची तक्रार खरी असू शकते, ती यामुळे. अचानक आघाताने हृदयाचा एक भाग फुगून दुबळा होण्याचा ‘ताकोत्सुबो’ हा विकार जपानी डॉक्टरांनी १९९०च्या सुमारास नोंदवला. त्याच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतल्या १,७५० रुग्णांपैकी जवळपास ९० टक्के स्त्रिया आहेत.

इथे एक सावधगिरी हवी. सगळं खापर ताणावर फोडलं की बाकीचे गुन्हेगार मोकाट सुटतात. मिश्री लावणं ही तंबाखूच आहे. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब किंवा शुगर बाळंतपणानंतर उतरली तरी पुढच्या आयुष्यातला हृदयविकाराचा धोका वाढवून जाते, आणि हे बाळंतिणीला सहसा कुणी सांगत नाही. चाळिशीनंतर रक्तदाब, शुगर, कोलेस्टेरॉल तपासणं याला पर्याय नाही. ताणाची नोंद या तपासण्यांच्या शेजारी व्हावी, त्यांच्या जागी नव्हे.

दुसरी सावधगिरी बाईला दोष न देण्याची. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला स्वस्त असतो, कारण तो देणाऱ्याला स्वतःचं काहीच बदलावं लागत नाही. टेन्शन ती हौसेने घेत नाही. ते तिच्याकडे पाठवलं जातं, फीच्या पावतीबरोबर, चुकलेल्या लोकलबरोबर, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याबरोबर. योग, प्राणायाम जरूर करावा, पण त्यासाठीची वीस मिनिटं २८९ मिनिटांच्या घरकामातून कोण काढून देणार, हेही त्याच दमात सांगावं.

पन्नाशीच्या आतबाहेर बायकांना ॲटॅक येतो, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. अभिनेत्री अश्विनी एकबोटे २२ ऑक्टोबर २०१६ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात कला सादर करताना रंगमंचावर कोसळल्या. त्या ४४ वर्षांच्या होत्या. अभिनेत्री रीमा लागू १८ मे २०१७ रोजी वयाच्या ५८व्या वर्षी हृदय बंद पडून गेल्या. या दोघींच्या मृत्यूमागे ताण होता, असं म्हणायला कुठलाही आधार नाही आणि तसं म्हणूही नये. पण ‘या वयात बायकांना कुठला ॲटॅक’ असं अजूनही म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं आठवावीत.

बाईच्या झटक्याची लक्षणंही नेहमी सिनेमातल्यासारखी नसतात. छातीत दुखणं हे तिच्यातही मुख्य लक्षण आहे. पण त्याच्या जोडीला, कधी त्याच्याऐवजी, जबडा, मान, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग दुखतो, मळमळतं, दरदरून घाम फुटतो, दम लागतो, कारण नसताना गळून गेल्यासारखं होतं. नेमकी हीच लक्षणं ‘पित्त’ आणि ‘टेन्शन’ या खात्यांवर जमा होतात. भारतातल्या ५० शहरांमधल्या २० हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदवहीत दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास. त्यानंतर कितीही चांगलं रुग्णालय मिळालं तरी हृदयाचा जो भाग मेला तो परत येत नाही.

विठ्ठलवाडीच्या एका हाताला उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहे, दुसऱ्या हाताला कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४पासून राज्यात धावते आहे. कार्डिओग्राम काही मिनिटांत निघतो. एक कार्डिओग्राम नॉर्मल आला म्हणून भागत नाही, संशय असेल तर तो काही वेळाने पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातलं ट्रोपोनिन पाहावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत हे कसं जमणार, असं विचारलं जाईल. छाती धरून आलेल्या पन्नाशीच्या पुरुषासाठी ते जमतं, तर त्याच वयाच्या बाईसाठीही जमेल.

ताणाची नोंद घेण्याची सोयही नव्याने उभारायची गरज नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकासाठी ‘सीबॅक’ नावाचा तपासणी अर्ज भरतात. त्यात तंबाखू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार यांबरोबरच अलीकडच्या नमुन्यात मनाविषयीचे दोन प्रश्नही आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं झालं का? खूप उदास, निराश वाटलं का? हे प्रश्न सासू आणि नवरा समोर बसलेले असताना विचारले तर उत्तर ठरलेलंच असतं. म्हणून आशाताईंना एकांतात विचारायला शिकवलं पाहिजे, त्यासाठी वेळ दिला पाहिजे आणि त्याचा मोबदलाही. आणि ‘हो’ असं उत्तर आलं तर त्या बाईला पुढे कुठे पाठवायचं, हे कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन्ही महापालिकांनी आरोग्य केंद्रनिहाय ठरवून द्यायला हवं. समुपदेशकाचा वार आणि वेळ फलकावर लिहिलेली हवी. २०२२पासून सुरू असलेला टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक बायकांच्या डब्यात, रेशन दुकानात, अंगणवाडीच्या दारावर दिसला पाहिजे.

यातून जीव वाचतात का? वाचतात. ऑर्थ-गोमेर यांनी स्टॉकहोममध्येच हृदयविकार झालेल्या २३७ स्त्रियांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार, पण एका गटातल्या बायका वर्षभरात २० वेळा लहान लहान मंडळांत एकत्र बसल्या. आजार म्हणजे काय, घरात आणि कामावर कशाने जीव घाबरतो, नाही कसं म्हणायचं, मदत कशी मागायची, हे त्या प्रशिक्षित परिचारिकांबरोबर बोलल्या, शिकल्या. सुमारे सात वर्षांनी पाहिलं तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या २० टक्के स्त्रिया दगावल्या होत्या, एकत्र बसणाऱ्यांतल्या ७ टक्के. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही. बायकांनी एकत्र बसून बोलण्याची शिस्तशीर सोय, एवढंच.

अशी मंडळं आपल्याकडे मुळातच आहेत. लोकलमधला ठरलेला ग्रुप आहे, भिशी आहे, बचत गट आहे, भजनी मंडळ आहे. त्यांनी उपचार केंद्र व्हावं असं कुणी म्हणणार नाही. पण महापालिकेची एक परिचारिका महिन्यातून एकदा बचत गटाच्या बैठकीला आली, बीपी मोजला, दोन प्रश्न विचारले आणि लक्षणांची यादी समजावून गेली, तर त्याला फार मोठ्या तरतुदीची गरज नाही. विठ्ठलवाडीत हे सुरू करून बघायला काय हरकत आहे?

घराने करायच्या गोष्टी तर फुकटच आहेत. २८९ आणि ८८ या दोन आकड्यांतलं अंतर कमी करणं हा हृदयविकार टाळण्याचाच उपाय समजावा. आजारी माणसाची शुश्रूषा वाटून घ्यावी, त्यात मुलगेही यावेत. चाळिशीनंतर घरातल्या बाईचा बीपी आणि शुगर वर्षातून एकदा, तिच्या मागे लागून, तपासून घ्यावी. आणि ती म्हणाली की छातीत कसंतरी होतंय, तर ‘टेन्शन असेल’ हे वाक्य उच्चारायची परवानगी एकाच अटीवर द्यावी. ते बोलणाऱ्याने तिला घेऊन त्याच तासाभरात कार्डिओग्राम काढायला जावं.